वस्तीची कला आणि सार्वजनिक पैसा

कलेला राजाश्रय हवा की लोकाश्रय, हा प्रश्न मराठी वाङ्मयीन चर्चेत वर्षानुवर्षे चघळला गेला आहे. ज्यांनी तो विचारला त्यांना बहुधा दोन्ही आश्रय उपलब्ध होते. म्हणून निवड करण्याची चैन त्यांना परवडली. ज्यांच्या वाट्याला राजाश्रय कधी आला नाही आणि ज्यांचे 'लोक' म्हणजे रोजंदारीवर जगणारी माणसे, त्यांच्या कलेने काय करावे, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी उपस्थित केला. प्रस्तुत लेखात तोच प्रश्न मांडायचा आहे. शासन आणि महापालिका कलेवर जो पैसा खर्च करतात तो कोणत्या वाटांनी येतो, दलित-श्रमिकांच्या वस्तीच्या उंबरठ्यावर येऊन तो का थांबतो, आणि तो आपण मागावा की नाकारावा, याचा विचार कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी केला पाहिजे असे मला वाटते.

मी कोपरला वाढलो. मध्य रेल्वेवर दिवा आणि डोंबिवली यांच्या मधले हे स्थानक. दिवा-वसई मार्ग इथे मुख्य मार्गाच्या डोक्यावरून जातो, त्यामुळे स्थानकाला खालचे आणि वरचे असे दोन फलाट आहेत. मूळ वस्ती आगरी समाजाची. नंतर चाळी उठल्या आणि मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून पोटासाठी निघालेली माणसे त्यांत भरली. माझे आजोबा १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून निघाले ते इथे थांबले. वडील डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे कामाला होते. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. आज मी महाविद्यालयात शिकवतो. परंतु वाङ्मय ही काय वस्तू आहे हे मला वर्गात कळले नाही, ते चाळीच्या पटांगणात, वडिलांच्या गायन पार्टीत, रात्री दोन वाजता पेटीशेजारी बसून कळले. म्हणून या विषयावर तटस्थपणाचा आव मला आणता येणार नाही.

१. लोकाश्रयाचा हिशेब

आंबेडकरी जलसा हे महाराष्ट्रातील एक असाधारण सांस्कृतिक कार्य आहे. सत्यशोधक जलशाचा वारसा घेऊन भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या दशकात तो उभा केला. तमाशाचा साचा घेतला, पण गण-गवळणीतला आशय उलथून टाकला; बतावणीतून सावकार, भटजी आणि गावकामगारांची उलटतपासणी केली. पुढे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी गावोगाव पायपीट करून चळवळीचे विचार गाण्यांतून घरोघर नेले. कव्वालीच्या आणि भीमगीतांच्या गायन पार्ट्यांनी मुंबई, ठाणे, कल्याणच्या चाळी जाग्या ठेवल्या. गायक प्रल्हाद शिंदे हे कल्याणचेच. या साऱ्यामागे कोणतीही अकादमी नव्हती. लोकांची वर्गणी होती.

लोकाश्रय या शब्दाला आपण भाबडेपणाने भुलतो, म्हणून त्याचा हिशेब एकदा मांडला पाहिजे. जयंतीचा कार्यक्रम ठरला की खोलीमागे वर्गणी निघे. त्यातून मंडप, वीज, ध्वनिक्षेपक आणि गाडीभाडे जाई. उरलेल्यातून पार्टीची बिदागी. सुपारी घेताना हातावर थोडा इसार मिळे. बाकीची रक्कम कार्यक्रमानंतर मिळेलच असे नसे, आणि आपल्याच माणसांशी तंटा कसा करायचा म्हणून वडील ती सोडून देत. दुसऱ्या दिवशीचा खाडा पदरचा. पेटीचा भाता फाटला, ढोलकीची पाने मढवायची झाली, की घरातला एखादा खर्च मागे ढकलला जाई. तो खर्च कोणता ढकलायचा, हे बहुधा आई ठरवत असे. म्हणजे ज्याला आपण लोकाश्रय म्हणतो त्यातला मोठा हिस्सा कलावंताच्या बायकोचा आणि मुलांचा असतो. हे अनुदान कुठल्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

चळवळीची भरती असते तेव्हा हे त्याग आनंदाने होतात. नामांतराच्या काळात, म्हणजे १९७८ च्या ठरावापासून १९९४ पर्यंत, मराठवाड्यात आणि मुंबई-ठाण्याच्या वस्त्यांत गाणे कधी थांबले नाही. परंतु ओहोटी आली की सर्वांत आधी वाळते ती ही कला. आज आमच्या भागात जयंतीला वर्गणी पूर्वीपेक्षा जास्त निघते. ती जाते भिंतीसारख्या उंच ध्वनिक्षेपकांवर आणि रोषणाईवर. जिवंत पार्टीला बोलावणे येत नाही. यासाठी तरुणांना दोष देऊन भागणार नाही. ज्या कलेचे शिक्षण कुठे मिळत नाही, जिची तालीम करायला जागा नाही आणि जिच्यावर पोट भरत नाही, ती केवळ निष्ठेवर तिसऱ्या पिढीपर्यंत टिकत नाही.

२. पैसा येतो कुठून

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. स्वातंत्र्यानंतर भारतीय राज्यसंस्थेने कलेची जबाबदारी तत्त्वतः स्वीकारली. केंद्रात संगीत नाटक अकादमी १९५३ साली, साहित्य अकादमी आणि ललित कला अकादमी १९५४ साली स्थापन झाल्या. महाराष्ट्र राज्य झाल्यावर लगेच १९६० साली साहित्य संस्कृती मंडळ आले. नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देण्याची त्याची योजना आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. सांस्कृतिक कार्य संचालनालय राज्य नाट्यस्पर्धा भरवते आणि तमाशा फड, संगीतबारी, शाहिरी, दशावतार, खडीगंमत यांच्या पथकांना अनुदान देते. ही झाली पहिली वाट.

दुसरी वाट महापालिकेची. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली. नागरी संस्थांकडे सोपवता येतील अशा अठरा विषयांची ती यादी आहे, आणि तिच्यात सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक अंगांचे संवर्धन हा स्वतंत्र विषय आहे. म्हणजे गटार आणि पाणी यांच्याबरोबर गाणे हाही नगराचा विषय आहे असे संविधान मानते. कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर आणि डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर ही महापालिकेची नाट्यगृहे याच जबाबदारीची फळे होत.

तिसरी वाट अनुसूचित जातींसाठी राखलेल्या पैशाची. लोकसंख्येच्या प्रमाणात विकासाचा निधी बाजूला काढावा या तत्त्वावर १९७९-८० च्या सुमारास विशेष घटक योजना आली. आज ती अनुसूचित जाती उपयोजना म्हणून ओळखली जाते. शहरांतील दलित वस्त्यांच्या सुधारणेसाठी जी योजना आहे तिला अण्णा भाऊ साठे यांचे नाव आहे. या पैशातून रस्ते, गटारे, शौचालये होतात आणि समाजमंदिरेही बांधली जातात.

चौथी वाट फारशी कोणाच्या लक्षात नसते, पण ती मला सर्वांत उद्बोधक वाटते. १९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्याने महाराष्ट्रात कामगार कल्याण मंडळ चालते. दर सहामाहीला कामगाराच्या पगारातून एक लहान रक्कम कापली जाते, मालकाने तिच्या तिप्पट भरायची आणि शासनाने दुप्पट. या पैशातून कल्याण केंद्रे, ललित कला भवने आणि कामगारांच्या नाट्यस्पर्धा चालत आल्या. गिरणीतला, कारखान्यातला माणूस रंगमंचावर उभा राहिला तो कोणाच्या कृपेने नव्हे, त्याच्या स्वतःच्या वर्गणीच्या हक्काने. इथे कलावंत याचक नाही, भागीदार आहे. मात्र या व्यवस्थेचा पाया हजेरीपटावर आहे. ठेकेदाराकडे नाव न लावता राबणारा, नाक्यावर उभा राहणारा, घरकाम करणारी बाई, यांचे पैसे कापले जात नाहीत, म्हणून त्यांचा हक्कही तयार होत नाही. माझ्या वडिलांनी बावीस वर्षे यंत्रांच्या आवाजात चाली रचल्या. त्यांच्या नावाने या निधीत एक रुपयाही कधी जमा झाला नाही.

३. उंबरठ्यावर तो का थांबतो

चार वाटा असूनही वस्तीतली गायन पार्टी कोरडी राहते, याची कारणे समजून घेतली पाहिजेत. केवळ अधिकाऱ्यांच्या मनातली जात एवढे एकच कारण देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु व्यवस्था माणसाच्या मनापेक्षा कागदावर अधिक टिकून राहते, आणि कागद बदलणे हे काम आहे.

पहिले कारण विटांचे. सार्वजनिक पैसा वास्तूवर खर्च करणे सर्वांना सोयीचे असते. वास्तूचे भूमिपूजन होते, उद्घाटन होते, कोनशिला लागते. ठेकेदाराला काम मिळते. तालमीला कोनशिला नसते. परिणामी समाजमंदिर उभे राहते आणि आत काही घडण्यासाठी तरतूद नसते. दिवाबत्ती कोणी भरायची, सतरंजी कोणी घ्यायची, शिकवणाऱ्याला मानधन कोणी द्यायचे, याला अंदाजपत्रकात रकाना नसतो. मग समाजमंदिराची किल्ली ज्याच्याकडे वजन असते त्याच्या खिशात जाते. लग्न, साखरपुडा आणि निवडणुकीच्या बैठका यांपुरते कुलूप निघते. ज्या पोरांना ढोलकी शिकायची आहे ती बाहेर पायरीवर बसतात.

नाट्यगृहांचीही हीच कथा वेगळ्या पातळीवर आहे. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात होती, आणि महापालिकेची मोठी नाट्यगृहे दोन. कोपरच्या पश्चिमेकडील चाळीतल्या माणसाला डोंबिवलीचे कलामंदिर रेल्वेच्या पलीकडे, औद्योगिक वसाहतीच्या बाजूला. अशा नाट्यगृहाचे भाडे, अनामत आणि ध्वनिव्यवस्था यांचा हिशेब तिकीट विकणाऱ्या व्यावसायिक नाटकाला जमतो. ज्याचे प्रेक्षक तिकीट काढू शकत नाहीत त्या जलशाला तो जमत नाही. सावित्रीबाईंचे नाव दारावर आले ही आनंदाचीच गोष्ट आहे. त्यांच्या शाळेत ज्यांना प्रवेश होता त्यांना या दारातून प्रवेश मिळेल तेव्हा त्या नावाचा मान राखला जाईल.

दुसरे कारण कागदांचे. अनुदान मागायचे तर संस्था नोंदणीकृत हवी, तिचे तीन-तीन वर्षांचे लेखापरीक्षण हवे, बँकेत खाते हवे. हे नियम गैरव्यवहार रोखण्यासाठी केलेले आहेत, हे मला मान्य आहे. परंतु गायन पार्टी ही संस्था नसते. ती सहा-सात माणसांची नातेसंबंधाने आणि जिव्हाळ्याने बांधलेली टोळी असते. दोन वर्षांपूर्वी आम्ही वस्तीतल्या मुलांसाठी दहा दिवसांचे शाहिरी शिबिर घ्यायचे ठरवले आणि अनुदान देणाऱ्या एका कार्यालयाकडे गेलो. त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. असे कार्यालय प्रत्येक जिल्ह्यात सापडेल. तिथल्या गृहस्थांनी सौजन्याने सांगितले की आधी सर्व खर्च करा, पावत्या जोडा, मग विचार होईल. ज्याच्याकडे आधी खर्च करायला पैसा आहे त्यालाच खर्चाचा पैसा मिळतो, असा हा न्याय. वड्याच्या गाडीवर एकतीस पोरांच्या नाश्त्याची पावती मागण्याचे धैर्य मला झाले नाही. शेवटी वर्गणी काढली आणि शिबिर झाले. पुढच्या वर्षी झाले नाही.

तिसरे कारण पुराव्याचे, आणि ते सर्वांत क्रूर आहे. शासनाची वृद्ध कलावंतांना मानधन देण्याची जुनी योजना आहे. २०२४ साली तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव मिळाले आणि सर्वांना सारखे, दरमहा ५,००० रुपये मानधन ठरले. वयाची अट ५० वर्षे, आणि किमान पंधरा वर्षे कलेची सेवा केल्याचा पुरावा हवा. एका जिल्ह्यातून वर्षाला शंभर नवी नावे निवडली जातात. सुमारे साडेआठ लाख लोकसंख्येच्या सिंधुदुर्गाला शंभर आणि पालघर वेगळा झाल्यावरही ८० लाखांच्या घरात असलेल्या ठाणे जिल्ह्यालाही शंभर. समान आकडा म्हणजे समान न्याय नव्हे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

वडिलांच्या पार्टीत ढोलकी वाजवणारे एक काका आहेत. सत्तरी उलटली आहे, एका डोळ्याने दिसत नाही. मी त्यांना अर्ज भरायला सांगितला तेव्हा पुराव्याची अडचण निघाली. कार्यक्रमाची पत्रके, दोन फोटो आणि एक प्रशस्तिपत्र त्यांनी ट्रंकेत जपून ठेवले होते. २६ जुलै २००५ च्या पुरात ती ट्रंक पाण्याखाली गेली. काका म्हणाले, "मास्तर, हजार माणसांनी आइकली ती ढोलकी. आता त्या हजार माणसांच्या सह्या आणू का?" मी हसलो, पण नंतर विचार केला तेव्हा हसण्यासारखे त्यात काही नव्हते. वर्तमानपत्राने ज्याच्या कार्यक्रमाची बातमी कधी छापली नाही, त्याच्याकडेच बातमीचे कात्रण मागितले जाते. ज्यांना पिढ्यान् पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले त्यांच्या कलेने अक्षरातच साक्ष द्यावी, ही अट वरवर निरपेक्ष दिसते; तिच्या पोटात जुनीच उतरंड आहे.

चौथे कारण अभिरुचीचे. काय कला आणि काय करमणूक, हे ठरवणारी समिती कोणाची असते, यावर बरेच अवलंबून असते. भीमगीताला प्रचार म्हणायचे आणि अभंगाला संगीत म्हणायचे, ही सवय अजून गेलेली नाही. त्यात रंगभूमी परिनिरीक्षणाची भर. १९५१ च्या पोलीस कायद्याच्या आधाराने १९५४ पासून महाराष्ट्रात नाटकाची संहिता आधी तपासून घ्यावी लागते. लिहिलेल्या नाटकाला हा जाच आहेच. परंतु जलशाची बतावणी तर प्रेक्षक पाहून त्या रात्री घडते. ती आधी लिहून कोणाला दाखवायची?

४. हा पैसा घ्यावा काय?

इथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो, आणि तो आपल्याच माणसांचा आहे. सरकारचा पैसा घेतला की सरकारचे गाणे गावे लागते. हा आक्षेप हवेतला नाही. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी १९४४ साली लालबावटा कलापथक उभे केले. अण्णा भाऊंच्या लोकनाट्यावर त्यावेळच्या सरकारने बंदी घातली. १९६९ साली ते दारिद्र्यात गेले. आज त्यांच्याच नावाच्या योजनेतून आपल्या वस्तीतली गटारे बांधली जातात. विठाबाई नारायणगावकर यांनी मानसन्मान मिळवले, आणि २००२ साली त्या गेल्या तेव्हा घरात विपन्नावस्था होती. पुढे त्यांच्या नावाने शासनाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला. जिवंत कलावंतापेक्षा मेलेला कलावंत राज्यसंस्थेला अधिक मानवतो, असे यावरून कोणी म्हटले तर त्याला उत्तर देणे कठीण आहे.

म्हणूनच विद्रोही साहित्य संमेलनाने शासनाचा पैसा न घेण्याची भूमिका घेतली. १९९९ साली धारावीत बाबुराव बागूल यांच्या अध्यक्षतेखाली पहिले संमेलन भरले. मूठभर धान्य आणि एक रुपया या पद्धतीने लोकांकडून साधने जमवण्याची रीत त्या चळवळीने रुजवली. याउलट अखिल भारतीय संमेलनाला शासन मोठे अनुदान देत आले आहे. २०१७ साली ते आमच्या डोंबिवलीतच भरले होते, आणि २०२३ च्या वर्धा संमेलनाच्या वेळी अनुदानाची रक्कम दोन कोटींवर गेली. विद्रोहींची भूमिका मला आदरणीय वाटते. परंतु तीन दिवसांचे संमेलन आणि वर्षभर चालणारी तालीम यांत फरक आहे. संमेलन मूठभर धान्यावर होते. मुलांना दर आठवड्याला ढोलकी शिकवणाऱ्या माणसाचे घर मूठभर धान्यावर चालत नाही.

जगाचा अनुभवही दोन्ही बाजूंनी बोलतो. अमेरिकेत मंदीच्या काळात, १९३५ साली, फेडरल थिएटर प्रोजेक्ट नावाचा सरकारी उपक्रम सुरू झाला. बेकार नटांना वेतन देऊन त्याने नाटके उभी केली आणि काळ्या कलावंतांची स्वतंत्र पथके अनेक शहरांत काढली. हार्लेममध्ये १९३६ साली काळ्या नटसंचाने केलेला 'मॅक्बेथ' आजही रंगभूमीच्या इतिहासात सांगितला जातो. परंतु नाटके प्रश्न विचारू लागली, विरोध वाढला, आणि १९३९ साली काँग्रेसने पैसा बंद केल्याबरोबर सारे एका दिवसात संपले. सार्वजनिक पैशाने काय घडू शकते आणि तो राजकारण्यांच्या मर्जीवर असला तर काय होते, हे दोन्ही धडे या चार वर्षांत आहेत.

आयर्लंडचे उदाहरण याहून उपयोगी आहे, कारण तोही वसाहतवादातून सुटलेला देश आहे. तिथल्या ॲबी थिएटरला १९२५ पासून शासनाचे अनुदान मिळू लागले. त्याच वर्षी मजुरी करून लेखक झालेल्या शॉन ओकेसीच्या नाटकावर सरकारने नेमलेल्या संचालकाने हरकत घेतली. येट्स आणि लेडी ग्रेगरी ठाम राहिले, प्रेक्षागृहात दंगा झाला, तरी नाटक चालले. अनुदान घेऊनही ताठ उभे राहता येते. मात्र हा पैसा दीर्घकाळ राजधानीभोवती फिरला. मागास गावांपर्यंत तो पोचवण्यासाठी व्यवस्था करावी लागली. २००३ च्या कला कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेने आपल्या भागासाठी कलाविषयक आराखडा तयार केलाच पाहिजे असे बंधन घातले, आणि कोणाला पैसा द्यायचा या निर्णयात कला परिषदेला मंत्र्यांपासून स्वातंत्र्य दिले. २०२२ साली तर दोन हजार कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो किमान उत्पन्न देण्याचा प्रयोगही तिथे सुरू झाला. तिथे सारे आलबेल आहे असे मला म्हणायचे नाही. परंतु आपल्याकडे 'करता येईल' असे लिहिलेले काम तिथल्या कायद्याने 'केलेच पाहिजे' या सदरात घातले, हा फरक ध्यानात घेण्यासारखा आहे.

माझे मत असे. सार्वजनिक पैसा हा सरकारचा पैसा नव्हे. आपली माणसे काडेपेटीपासून साबणापर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरतात, आणि उत्पन्नाच्या मानाने श्रीमंतांपेक्षा जास्त भरतात. तो नाकारणे म्हणजे आपल्याच ताटातले दुसऱ्याच्या ताटात वाढणे होय. आमच्या महाविद्यालयाला अनुदान आहे म्हणून मी वर्गात सरकारची भाषा बोलत नाही. आणि कोणी बोलायला लावू लागले तर संघटना आहे. शिक्षणाच्या बाबतीत जे आपण हक्काने मागतो ते कलेच्या बाबतीत भीक म्हणून का मानावे? खरा भेद पैसा घेण्या-न घेण्याचा नसून, तो बक्षिसी म्हणून घेतो की हक्क म्हणून, हा आहे.

५. मागायचे काय

मागणी नेमकी असली पाहिजे. मला पाच गोष्टी सुचतात.

एक, वस्ती सुधारणेच्या पैशातून जिथे जिथे समाजमंदिर बांधले जाईल, तिथे ते चालवण्यासाठी दरवर्षी ठरावीक तरतूद असावी, आठवड्याचे काही दिवस तालमीसाठी राखून ठेवावेत आणि किल्ली वस्तीच्या समितीकडे असावी. त्या समितीत बायका निम्म्या असाव्यात.

दोन, लहान रकमेच्या अनुदानासाठी संस्थेच्या नोंदणीची अट नसावी. एखादे महाविद्यालय, ग्रंथालय किंवा कामगार संघटना हमी घेईल आणि निम्मी रक्कम आधी मिळेल, अशी सोय करता येण्यासारखी आहे.

तीन, कलेचा पुरावा म्हणून माणसांची साक्ष ग्राह्य धरावी. जमिनीच्या वादात पंचनामा चालतो, तर ढोलकीच्या बाबतीत का चालू नये? आणि मानधनाची संख्या जिल्ह्याच्या लोकसंख्येकडे पाहून ठरवावी.

चार, नोंदीसाठी पैसा हवा. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या म्हणून त्या उरल्या. आमच्या भागातल्या आगरी धवलारणींचे लग्नातले धवले आणि आमच्या आयांची भीमगीते यांना तसे कोणी भेटलेले नाही. हे काम आपल्या विद्यार्थ्यांचे आहे.

पाच, महापालिकेने आपला कलाविषयक आराखडा आणि त्यावरचा खर्च प्रभागवार प्रसिद्ध करावा. २०२० च्या अखेरीस मुदत संपल्यानंतर पाच वर्षे कल्याण-डोंबिवलीत निवडून आलेले सभागृहच नव्हते. प्रश्न विचारायला जागा नव्हती. तरीही माहितीचा अधिकार २००५ पासून आहे आणि त्याला दहा रुपये लागतात. आपल्या प्रभागातले समाजमंदिर कोणत्या योजनेतून झाले, त्यावर किती खर्च झाला, ते वर्षभरात किती दिवस आणि कोणासाठी उघडले, एवढे तीन प्रश्न प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या वस्तीपुरते विचारले तरी बरेच काही उजेडात येईल. आपण अंदाजपत्रक वाचत नाही, कारण ते कंटाळवाणे असते. ज्यांनी ते वाचले त्यांच्याकडे पैसा गेला.

जलशाने आपल्याला बोलायला शिकवले. तो चालू राहावा यासाठी आपण गेली ऐंशी-नव्वद वर्षे वर्गणी देत आलो, पुढेही देऊ. वर्गणी बंद करा असे मी म्हणत नाही. वर्गणीतून आपले स्वातंत्र्य टिकते. परंतु वर्गणीच्या जोडीला आपला करातला वाटा हिशेबाने मागितला पाहिजे, नाहीतर स्वातंत्र्य शिल्लक राहील आणि गाणारा उरणार नाही.

काकांचा अर्ज आम्ही पुन्हा लिहायला घेतला आहे. माझ्या वर्गातली चार मुले संध्याकाळी चाळीचाळीतून फिरतात आणि ज्यांनी काकांची ढोलकी ऐकली त्यांची साक्ष लिहून घेतात: कोणत्या साली, कोणत्या पटांगणात, कोणाच्या पार्टीत. ज्यांना लिहिता येत नाही ते अंगठा देतात. परवापर्यंत एकशे बारा साक्षी झाल्या. हजार होतील तेव्हा आम्ही तो गठ्ठा घेऊन जाऊ. कोणत्याही नियमात हा कागद बसत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. नियम बदलायला कुठेतरी सुरुवात करावी लागते, म्हणून आम्ही तो घेऊन जाणार आहोत.